कोडझोला पकडायचं होतं

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय मेबल,

सुट्टीवर गावी निघालेल्या विन्स्टनला मी बजावून ठेवलं होतं की आधी चहा घे, पाव खा, आणि कप खाली ठेवल्यावरच हे पाकीट काढ. आधी काढलं असतं तर माझं अक्षर बघून तू त्या बिचाऱ्याला कोरडाच परत पाठवला असतास. त्याच्यावर राग काढू नकोस, तो फक्त टपाल आहे.

तू मला फोनवर ब्लॉक केलंस त्याला साडेपाच वर्षं झाली. व्हिवियनशी तू बोलतेस, वेन्डीच्या वाढदिवसाला तिला फोटो पाठवतेस, हे मला माहीत आहे आणि बरंही वाटतं. माझ्या बायकोमुलीला आत्या-नणंद आहे, मलाच बहीण नाही, एवढंच. पण आज मी भांडायला बसलेलो नाही. मला एक सल्ला हवा आहे आणि तो जगात तूच देऊ शकतेस, कारण माणसाला घरी बोलावण्यासाठी खोटं कसं बोलावं यातली तू जाणकार आहेस. रागावू नकोस. बरं, थोडी रागाव.

आमच्या हॉटेलच्या लाँड्रीत, मरीनाला, इस्त्री विभागाचा मुख्य कोडझो आहे. घानाचा. एवे म्हणून तिकडे एक जमात आहे, समुद्राच्या आणि खाडीच्या मधल्या पट्टीवर त्यांची गावं आहेत, त्यातल्या देलाकोपे गावचा हा. गावचे फोटो दाखवतो तेव्हा मला दर वेळी अर्नाळा आठवतो. तेच माड, तीच सुकत घातलेली मासळी, तशाच भांडकुदळ म्हाताऱ्या. अकरा वर्षं माझ्या हाताखाली आहे. वय एक्केचाळीस. बायको आणि दोन मुलं तिकडेच. आईच्या पोटी सोमवारी जन्मला म्हणून कोडझो, त्यांच्यात नाव वारावरून ठेवतात.

या माणसाचा एक किस्सा सांगतो म्हणजे पुढचं कळेल. गेल्या वर्षी स्टाफच्या बसमध्ये एसीवरून एक नेपाळी आणि एक बांगलादेशी पोरगा एकमेकांचे गळे धरून भांडले. मी दोघांना मेमो देणार होतो. कोडझोने दोघांना बसवलं आणि म्हणाला, तू याची बाजू सांग, आणि तू याची. आपली नाही, दुसऱ्याची. वीस मिनिटांत दोघं हसायला लागले. माझे मेमो तसेच खिशात राहिले.

तर परवा मला घानाहून फोन आला. कोडझोच्या कार्डावर आणीबाणीसाठी माझा नंबर आहे. बोलणारे त्याचे चुलते, मिस्टर याओ. अगदी सावकाश, पाद्र्यासारखं इंग्रजी. त्यांच्या गावचा राजा वारला. राजा म्हणजे मुकुटबिकुट नाही, गावाचा मुख्य, पण न्यायनिवाडा, जमीन, सण सगळं त्याच्याकडे. त्याला ते 'तोग्बे' म्हणतात. मिस्टर याओंच्या तोंडी 'तोग्बे गावाला गेले' असं होतं, आपण देवाघरी म्हणतो तसं. गावात तीन घराणी आहेत आणि राजेपण त्यांच्यात पाळीपाळीने फिरतं. या वेळची पाळी कोडझोच्या घराण्याची. थोरल्यालाच मिळतं असं नाही. घराण्यातले म्हातारे बापाच्या बाजूच्या सगळ्या पोरांवर वर्षानुवर्षं नजर ठेवतात, म्हाताऱ्या बायकांचंही मत घेतात. आणि ज्याला ते हवंय असं दिसतं त्याला तर देतच नाहीत.

आता खरी गंमत. निवडलेल्याला विचारत नाहीत. त्याला पकडतात. गाफील असताना चार माणसं झडप घालतात, अंगाला पांढरी माती फासतात, की खलास. मग त्याला एका घरात कोंडून राजाने कसं बसावं, कसं बोलावं ते शिकवतात, आणि मग पूर्वजांच्या लाकडी बैठकीवर बसवतात. माती लागल्यावर नाही म्हणता येत नाही. मरेपर्यंत सुटका नाही.

कोडझोला पकडायचं आहे. पण दुबईत येऊन कसं पकडणार? म्हणून मिस्टर याओंची विनंती अशी की मी त्याला सांगावं, तुझी आई आजारी आहे, ताबडतोब जा.

आई ठणठणीत आहे.

मेबल, मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. इन्शाल्ला म्हणालो, इथे त्याने सगळं भागतं. पण हे खोटं मी सांगू का? मला ते सांगताना तुला काय वाटलं होतं ते तरी कळव. मला काय वाटलं होतं ते तुला माहीतच आहे.

तुझा,
सिरिल


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

प्रिय मेबल,

विन्स्टन परत आला. म्हणाला, बाईंनी उभ्याउभ्या वाचलं, घडी केली आणि डब्यात ठेवलं. मग बॉटल मसाल्याची बाटली दिली, 'व्हिवियनसाठी' म्हणून. व्हिवियन मसाला तिखट म्हणून खात नाही, हे तुला पंचवीस वर्षं माहीत आहे. सगळा मीच खातोय.

मिस्टर याओंचे आणखी दोन फोन झाले. त्यांच्या आवाजात आता घाई आहे. ही पाळी यांनी वेळेत धरली नाही तर पुढचं घराणं हक्क सांगेल, आणि मग कोडझोच्या घराची पाळी येईपर्यंत त्याचा मुलगा म्हातारा झालेला असेल. मी विचारलं, तुम्ही त्याला सरळ का नाही विचारत? म्हणाले, ''मिस्टर सिरिल, इफ वुई आस्क, ही मे आन्सर.''



मला हे सगळं आवडत नाही, आणि का ते तुला सांगायला नको. तरी सांगतो, कारण आपण यावर कधी बोललोच नाही, फक्त ओरडलो. मे २०१८. तुझा फोन, आयला बरं नाही, लगेच ये. मी तीन दिवसांत आलो. आय ओट्यावर पाटावर बसून बोंबील साफ करत होती. मला बघून तिने विळी बाजूला केली आणि आधी हसली, मग घाबरली. आत सहा खुर्च्या. फादर, मामा, दोन्ही काका, पतपेढीचे चेअरमन आणि शेजारचा तो कोण, ज्याचं नाव मला कधीच लक्षात राहत नाही. पतपेढीत नोकरी तयार, परत ये, घराला पुरुषमाणूस हवा. आणि तू सरबताचा ट्रे घेऊन उभी, माझ्याकडे न बघता. पन्नाशीला आलेल्या माणसाला शाळेतल्या पोरासारखं रांगेसमोर उभं केलंत. मी चौथ्या दिवशी परत आलो. अजून मला ती चूक वाटत नाही.

आणि पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तू पुन्हा फोन केलास तेव्हा मला वाटलं, पुन्हा तोच खेळ. कुणालाही वाटलं असतं. शिवाय तेव्हा हॉटेलात सुट्टी मिळत नव्हती. आयचं मयत मी व्हिडिओवर पाहिलं, ते तू मला माफ केलं नाहीस. मी तुला ते पहिलं खोटं माफ केलं नाही. फिट्टंफाट, असं मी आजवर धरून चाललो.

आता कोडझोचं. मंगळवारी मी सकाळी लवकर गेलो तर हा कोपऱ्यातल्या टेबलावर एकटाच इस्त्री करत होता. हॉटेलचं कापड नव्हतं. त्यांच्याकडचं हाताने विणलेलं, अरुंद पट्ट्या जोडून केलेलं मोठं थोरलं वस्त्र, अंगावर एका खांद्यावरून घ्यायचं. त्याच्या बापाचं. वर मलमल टाकून, थंड इस्त्रीने, घडीघडी करून. अकरा वर्षं ते त्याने बॅगेच्या तळाशी ठेवलेलं. मी विचारलं, आज कसं काढलं? म्हणाला, भाय, कसर लगता है, कभी कभी देखना पडता है.

वेन्डीला सगळं सांगितलं. तिचं म्हणणं, ''पप्पा, जस्ट टेल हिम द ट्रुथ. इट्स नॉट दॅट डीप.'' या पोरांचं बरं असतं, यांच्याकडे सगळं उथळच असतं.

मी ठरवलंय. खोटं सांगणार नाही. त्याला खरं सांगणार, मग जायचं की नाही ते त्याने बघावं. निदान सहा खुर्च्यांसमोर तरी तो गाफील उभा राहणार नाही.

सिरिल


सोमवार, ३ मार्च

प्रिय मेबल,

सांगितलं.

रोजे सुरू झालेत, त्यामुळे स्टाफ कॅन्टीनला पडदे लावलेत आणि आतल्या आत जेवतात. मी कोडझोला शेवटच्या टेबलावर नेलं. सुरुवात केली, मिस्टर याओंचा फोन आला होता, तुझी आई आजारी आहे असं मी सांगावं म्हणतात, पण ती आजारी नाही, ते तुला...

इथपर्यंत आलो आणि या माणसाने दोन्ही हात कानांवर ठेवले. बघ, सव्वासहा फूट उंच, चार जणांचं जेवण जेवणारा माणूस, लहान पोरीसारखे कान झाकून बसला. मग हात काढले आणि म्हणाला, ''भाय, मैंने कुछ सुना नहीं. तुम को जो बोलने को बोला है, वही बोलो.''

मला काही समजेना. मी म्हटलं, अरे तुला पकडणार आहेत. त्याने पुन्हा कान झाकले.

मग हळूहळू उलगडलं. राजा गेल्याचं त्याला जानेवारीतच कळलं होतं. पाळी आपल्या घराची हेही माहीत, आणि म्हाताऱ्यांची नजर कुणावर आहे तेही. गेल्या वेळी सुट्टीवर गेला तेव्हा सगळे चुलते त्याच्याकडे बघत होते, म्हणाला, बाजारात बकरा बघतात तसे. त्याला ते नको आहे. त्याला बायकोमुलांना इथे आणायचं होतं. बसून रडला तो, मेबल. आवाज न करता, ट्रेकडे बघत. राजाला एकटं बाजारात जाता येत नाही, चप्पल न घालता चालता येत नाही, चारचौघांत जेवता येत नाही, मित्र राहत नाही. आणि एवढं असूनही त्याने बापाचं वस्त्र इस्त्री करून ठेवलं होतं.

मी म्हटलं, मग जाऊ नकोस. मी सांगतो त्यांना, नोकरी सोडत नाही म्हणून.

त्यावर तो जे बोलला ते मी तुला माझ्या भाषेत लिहितो, कारण त्याच्या हिंदीत ते फार चांगलं होतं आणि मला तसं जमणार नाही. तो म्हणाला, त्यांनी मला विचारलं तर मला उत्तर द्यावं लागेल. हो म्हणालो तर गाव म्हणेल, याला हवंच होतं. नाही म्हणालो तर माझ्या आईला ते ऐकावं लागेल. म्हणून ते विचारत नाहीत. आई आजारी आहे म्हणतात. ज्याला यायचं नाही तो म्हणतो, पैसे पाठवतो, डॉक्टर करा. ज्याला यायचं आहे तो तिकीट काढतो. कुणी तोंडघशी पडत नाही. खोटं बोलणाऱ्यालाही माहीत असतं, ऐकणाऱ्यालाही माहीत असतं. भाय, ये झूठ नहीं है, ये बुलाने का तरीका है.

मग त्याने डोळे पुसले, खुर्ची सरळ केली आणि म्हणाला, आता नीट सांगा. मॅनेजरसारखं.

मी उभा राहिलो. म्हटलं, कोडझो, घरून फोन होता, तुझ्या आईची तब्येत बरी नाही. पडद्यापलीकडून एक फिलिपिनो पोरगी धावत आली, तिने त्याच्यासाठी पाणी आणलं आणि आपल्याही आईला शुगर आहे म्हणून सांगत बसली. कोडझो मान हलवत राहिला. मग म्हणाला, ''यल्ला भाय, टिकट देखो.''

काल रात्री गेला. विमानतळावर मी त्याला म्हटलं, आईला सांभाळ. तो म्हणाला, हो, फार आजारी आहे म्हणतात. आणि आम्ही दोघं तिथेच वेड्यासारखे हसलो.

घरी आलो तेव्हापासून डोक्यात एकच आहे. तू जेव्हा सरबताचा ट्रे घेऊन उभी होतीस तेव्हा तू माझ्याकडे बघत का नव्हतीस? मला वाटायचं लाजेने. आता वाटतं, मी हो म्हणतो की नाही ते तुला बघवत नव्हतं.

परवा राखेचा बुधवार. तू काळजी घे, उपवासाच्या नावाखाली दिवसभर नुसत्या चहावर राहू नकोस.

सिरिल


रविवार, ३० मार्च

प्रिय मेबल,

आज ईद. सगळी दुबई नवे कपडे घालून बाहेर आहे आणि ते कपडे उद्यापासून आमच्याकडे धुवायला येणार.

कोडझोचा फोन आला. म्हणजे त्याचा नाही. राजा सरळ बोलत नाही, त्याच्या वतीने बोलणारा एक माणूस असतो. मी फोन उचलला तर एक अनोळखी गंभीर आवाज इंग्रजीत म्हणाला, तोग्बे तुमचा गुडघा कसा आहे ते विचारतात. मी म्हटलं, तोग्बेंना सांगा, दुखतो. मागून मला कोडझोचं हसणं ऐकू आलं, पण त्या माणसाने ते काही मला कळवलं नाही. मग तोग्बेंनी विचारलं, नंबर चारच्या मशीनचा पट्टा बदलला का. मी म्हटलं, नाही. तोग्बे नाराज आहेत, असं कळवण्यात आलं.

पकडलं कसं ते ऐक. तो घरी पोचला, आई दारात उभी. आजारी म्हणून तिने डोक्याला फडकं बांधलं होतं, तेवढं नाटक केलंच. याने वाकून तिच्या कपाळाला हात लावला, ताप बघायला, आणि तेवढ्यात मागून चौघांनी धरलं. तयारी होती म्हणे, तरी खरोखर सुटायला बघितलं त्याने, जोर लावून, खोटं खोटं नाही. कुणी तरी हातावर ओली पांढरी माती फासली आणि सगळ्या बायका ओरडल्या.

आणि एक गोष्ट. तोग्बे या शब्दाचा साधा अर्थ आजोबा. बैठकीवर बसलेला माणूस गावातल्या सगळ्यांचा आजोबा, कारण त्याच्यात पूर्वज बसलेले असतात. आता त्याची आईसुद्धा त्याला कोडझो म्हणू शकत नाही. पहिल्या दिवशी ती जेवण घेऊन आली, गुडघे टेकले आणि आपल्या एक्केचाळीस वर्षांच्या पोराला म्हणाली, आजोबा, जेवून घ्या. एवढं त्या मध्यस्थाने सांगितलं. मग पहिल्यांदाच कोडझो स्वतः बोलला, नियम मोडून, हिंदीत. ''भाय, इधर अब कोई मेरा नाम नहीं लेता.''

मी म्हटलं, कोडझो. दोनदा म्हटलं. कोडझो, कोडझो. त्याने फोन ठेवला.

आपल्याकडे अशी पद्धत असती तर पकडायला तुलाच आले असते, मेबल. बायका राजा होत नाहीत वगैरे सोड. आयकडे तू राहिलीस, घर तू धरलंस, गावाचा क्रूस तू रंगवतेस, मयताला भात तू शिजवतेस. तुला कुणी विचारलंही नाही. तू नाही म्हणालीही नाहीस. मी तर पकडून आणल्यावरही चौथ्या दिवशी सुटलो.

सिरिल


बुधवार, ९ एप्रिल

मेबल,

व्हिवियनच्या फोनवर तू पाठवलेला चिठ्ठीचा फोटो पाहिला. साडेपाच वर्षांत एक ओळ, आणि तीही प्रश्न. 'दुसऱ्या फोनवर तू काय ऐकलंस ते लिही.'

काल दिवसभर लिहिलं नाही. आज लिहितो, व्हिवियन याचा फोटो काढून तुला पाठवेल.

सुट्टी मिळत नव्हती हे खोटं आहे. मी मागितलीच नव्हती. आणि मला पुन्हा तोच खेळ वाटला हेही खोटं आहे.

ऑगस्टच्या त्या फोनवर तू आय आजारी आहे असं म्हणालीसच नाहीस. तू म्हणालीस, ''दादा, ये.'' दोन वर्षांनी धाकटी असून तू मला जन्मात कधी दादा म्हटलं नव्हतंस. आयने किती मार दिला त्यावरून, तरी सिरिलच. त्या दिवशी दादा म्हणालीस आणि मला सगळं कळलं. फोन ठेवायच्या आधी कळलं की आय जाणार.

मग का आलो नाही? २०१८ ला निघताना, तू गाडीत बॅग ठेवत होतीस, तेव्हा आय ओट्यावर आली होती. माझा हात धरून म्हणाली, रागावू नको, बाबा. मी हात सोडवला आणि तिला म्हणालो, आता खरीखुरी मरायला टेकशील तेव्हाच बोलव. हे तुला माहीत नाही. तिने तुला सांगितलं नसणार, मला वाचवायला. त्याप्रमाणे तुम्ही बोलावलंत. मला वाटलं, मी पोचेन आणि ती जिवंत असेल आणि माझ्याकडे बघेल. ते बघणं मला नको होतं. म्हणून मी थांबलो, मेबल. ती जाईपर्यंत थांबलो. आणि मग तुझ्या त्या पहिल्या खोट्यामागे साडेपाच वर्षं लपून बसलो, कारण ती जागा फार सोयीची होती.

हे मी पापनिवेदनात फादरना तीनदा सांगितलं आहे. तुला आज पहिल्यांदा.

शनिवारी दुपारचं विमान आहे. झावळ्यांच्या रविवारी सकाळची मिस्सा झाल्यावर आधी आयच्या थडग्यावर जाईन, मग घरी येईन. कुणी बोलावलेलं नाही, मीच येतोय. दार उघडायचं की नाही ते तू ठरव, मी ओट्यावर बसेन.

उघडलंस तर मला सिरिल म्हण. दादा म्हणालीस तर मला आत येता येणार नाही.

तुझा,
सिरिल